तक्रारीनंतरचे नव्वद दिवस

कुंभकोणम (तामिळनाडू) : विद्यार्थिनीने प्राध्यापकाविरुद्ध किंवा सहाध्यायीविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार दिली की, महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीला चौकशी पूर्ण करण्यासाठी नव्वद दिवसांची मुदत मिळते. या काळात ती कोणत्या वर्गात बसते, तिची उत्तरपत्रिका कोण तपासतो आणि तिला महाविद्यालयात पुढे पाठवायचे की नाही, याविषयी घरी काय ठरते, याची नोंद चौकशीच्या अहवालात क्वचितच होते. मात्र पुढची विद्यार्थिनी तक्रार करण्यास धजेल की गप्प राहील, हे बहुधा याच दिवसांवर अवलंबून असते.

कावेरीकाठच्या कुंभकोणमसारख्या गावात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. तंजावरच्या मराठा राजवटीखाली राहिलेले हे मंदिरांचे गाव शिक्षणाचेही जुने केंद्र आहे. १८५४ मध्ये सुरू झालेल्या येथील शासकीय महाविद्यालयाला ‘दक्षिणेचे केंब्रिज’ असे संबोधले जाई. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांनी १९०४ मध्ये याच महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. आज गावात मुलींचे स्वतंत्र शासकीय महाविद्यालय आहे, खासगी संस्था आहेत आणि परिसरातील खेड्यांतून रोज बसने येणाऱ्या विद्यार्थिनी आहेत. शासकीय शाळांत शिकलेल्या मुलींना उच्च शिक्षणासाठी दरमहा एक हजार रुपये देणारी ‘पुदुमै पेण’ योजना राज्याने सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू केली. कुंभकोणम येथे ‘कलैञर विद्यापीठ’ स्थापण्याचे विधेयक विधानसभेने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केले. पुढे राज्यपालांनी ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले. त्या विद्यापीठाचे भवितव्य काहीही असो, घरातून महाविद्यालयात जाणारी पहिलीच मुलगी ही या भागाची वस्तुस्थिती आहे. अशा मुलीच्या दृष्टीने तक्रारीचा सर्वांत मोठा धोका प्रतिवादीकडून नसतो. ‘आता शिक्षण पुरे’ हा घरचा निर्णय तिला अधिक भेडसावतो.

कायद्याची चौकट

या विषयावरील कायदा अपुरा आहे, असे म्हणता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांच्या आधारे झालेला कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला आणि शैक्षणिक संस्थाही त्याच्या कक्षेत आल्या. विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार करणारे विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २ मे २०१६ रोजी अधिसूचित झाले.

या विनियमांनुसार समितीच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ महिला प्राध्यापक असावी लागते. दोन अध्यापक, दोन अध्यापकेतर कर्मचारी आणि स्वयंसेवी क्षेत्रातील एक बाहेरची व्यक्ती हे सदस्य असतात. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल, तर लोकशाही पद्धतीने निवडलेले तीन विद्यार्थी समितीत घ्यावे लागतात. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता किंवा विभागप्रमुख यांना समितीवर बसता येत नाही. ज्यांच्या हाती प्रशासन आहे, त्यांच्या हाती चौकशी असू नये, हा त्यामागील हेतू आहे.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते आणि सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढवता येते. लेखी तक्रार देणे शक्य नसेल, तर ती लिहून घेण्यास समितीने साह्य करायचे असते. तक्रारदार शारीरिक वा मानसिक कारणाने असमर्थ असेल, तर नातेवाईक, मैत्रीण किंवा सहाध्यायी तिच्या वतीने तक्रार करू शकतात. तक्रारीची प्रत प्रतिवादीला सात दिवसांत मिळते आणि त्याला उत्तरासाठी दहा दिवस असतात. चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल आणि त्यानंतर तीस दिवसांत कारवाई, असा क्रम आहे. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही आणि तेवढ्या कारणाने तक्रारदारावर कारवाई करता येत नाही.

या विनियमांतील सर्वांत कमी चर्चिली जाणारी तरतूद अंतरिम साह्याची आहे. चौकशी चालू असताना तक्रारदाराला किंवा प्रतिवादीला दुसऱ्या तुकडीत वा विभागात हलवता येते. तक्रारदाराला कोणतेही नुकसान न होता तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. प्रतिवादीला तिच्या कामाचे वा परीक्षेचे मूल्यमापन करण्यापासून रोखता येते आणि तिच्यापासून दूर राहण्याची ताकीद देता येते. निश्चित धोका असल्यास त्याला परिसरात येण्यासही मनाई करता येते. अंतर्गत गुण ज्याच्या हाती आहेत त्याच्याच विरुद्ध तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीला अंतिम शिक्षेपेक्षा या साह्याची गरज आधी भासते.

चेन्नई : गोपनीयतेचा भंग

राज्यात हा प्रश्न ऐरणीवर आला तो चेन्नईतील अण्णा विद्यापीठाच्या घटनेने. विद्यापीठाच्या आवारात २३ डिसेंबर २०२४ रोजी रात्री एका विद्यार्थिनीवर बाहेरून आलेल्या व्यक्तीने लैंगिक अत्याचार केला. तिने तक्रार दिली आणि आरोपीला अटकही झाली. मात्र तिची ओळख उघड करणारा प्राथमिक माहिती अहवाल सार्वजनिक झाला. मद्रास उच्च न्यायालयाने २८ डिसेंबर रोजी तीन महिला पोलीस अधिकाऱ्यांचे विशेष तपास पथक नेमले, विद्यार्थिनीला २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला आणि तिचे शिक्षण शुल्काविना पूर्ण करून देण्यास विद्यापीठाला सांगितले. अहवालातील भाषा पीडितेलाच दोष देणारी असल्याबद्दलही न्यायालयाने तीव्र नापसंती नोंदवली. चेन्नईच्या महिला न्यायालयाने मे २०२५ मध्ये आरोपीला दोषी ठरवले आणि २ जून रोजी त्याला किमान तीस वर्षे सवलतीविना भोगावयाची जन्मठेप सुनावली.

सुमारे पाच महिन्यांत निकाल लागणे ही या प्रकरणातील जमेची बाजू आहे. तरीही तक्रारीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत झालेली हानी कोणत्याही शिक्षेने भरून निघणारी नव्हती. राज्याने जानेवारी २०२५ मध्ये महिलांवरील गुन्ह्यांच्या शिक्षा वाढवणारी दुरुस्ती विधेयके मंजूर केली. चेन्नईतील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर १९९८ मध्येही छेडछाडविरोधी कायदा असाच तातडीने आणला गेला होता. वाढीव शिक्षा गुन्हा सिद्ध झाल्यावर लागू होते. पोलीस ठाण्याच्या आणि समितीच्या कागदपत्रांची गोपनीयता मात्र पहिल्या तासापासून पाळावी लागते.

बालासोर आणि गोवा

ओडिशातील बालासोरच्या फकीर मोहन स्वायत्त महाविद्यालयात जुलै २०२५ मध्ये जे घडले, ते महाविद्यालयाची यंत्रणा हलत असतानाच घडले. बी.एड.च्या एका विद्यार्थिनीने विभागप्रमुखाविरुद्ध छळाची तक्रार महाविद्यालयाकडे केली होती. दाद मिळत नसल्याची तिची भावना झाली. १२ जुलै रोजी तिने महाविद्यालयाच्या आवारात आत्मदहनाचा प्रयत्न केला आणि १४ जुलैच्या रात्री भुवनेश्वरच्या एम्स रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. विभागप्रमुख आणि प्राचार्य या दोघांनाही अटक झाली. कायद्याच्या नव्वद दिवसांच्या मुदतीचा विचार केला, तर हा सारा घटनाक्रम तिच्या पहिल्या काही आठवड्यांतच उलगडला. चौकशी मुदतीत आहे, हे उत्तर नियमाला धरून असते. परंतु चौकशी चालू असताना तक्रारदाराची विचारपूस कोणी केली, तिला समुपदेशक मिळाला का आणि प्रतिवादीचा तिच्यावरील अधिकार काढून घेतला का, या प्रश्नांना ते उत्तर पुरत नाही.

गोवा विद्यापीठातील प्रकरण याची दुसरी बाजू दाखवते. तेथील एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने चौकशी केली आणि पुढे विद्यापीठाने त्यांना सेवेतून बडतर्फ केले. उच्च न्यायालयात ही कारवाई टिकली. मात्र १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. समितीने अवाजवी घाई केली आणि प्रतिवादीला बचावाची पुरेशी संधी दिली नाही, असे न्यायालयाला आढळले. प्रकरण २००९ मधील टप्प्यापासून पुन्हा चालवण्यासाठी समितीकडे परत गेले. तक्रार खरी की खोटी, यावर न्यायालयाने निर्णय दिला नव्हता. प्रक्रियेतील दोषामुळे चौदा वर्षांनीही दोन्ही पक्षांना अंतिम उत्तर मिळाले नाही. प्रतिवादीला न्याय्य संधी देणे म्हणजे तक्रारदारावर अन्याय करणे, असा समज अनेकदा आढळतो. या प्रकरणात तक्रारदार विद्यार्थिनींचेच सर्वाधिक नुकसान त्या संधीच्या अभावाने झाले.

याच निकालपत्रात न्यायालयाने कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर उणिवांवर बोट ठेवले. सर्व विद्यापीठे, महाविद्यालये आणि शासकीय कार्यालयांतील समित्यांची पडताळणी करावी, सदस्यांची नावे व संपर्क संकेतस्थळावर द्यावेत आणि सदस्यांना नियमित प्रशिक्षण द्यावे, असे निर्देश दिले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या नेमण्यासाठी राज्यांना पुन्हा मुदत घालून द्यावी लागली.

आधाराची दारे

विद्यार्थिनीसमोर समिती हा एकमेव मार्ग नाही. तक्रार संस्थेच्या प्रमुखाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. कृत्य गुन्हा ठरत असेल, तर समितीची चौकशी चालू असतानाही पोलिसांत जाता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही पोलीस ठाण्याला फिर्याद नोंदवून घ्यावी लागते. बलात्कारपीडितेवर रुग्णालयाने, ते खासगी असले तरी, तत्काळ विनामूल्य उपचार करणे बंधनकारक आहे. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिलांसाठी १८१, आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि मानसिक आधारासाठी ‘टेली मानस’चा १४४१६ हे क्रमांक देशभर उपलब्ध आहेत. प्रथम वर्षाच्या अनेक विद्यार्थिनी अठरा वर्षांखालील असतात, याचाही महाविद्यालयांना विसर पडू नये. त्यांच्या बाबतीत पॉक्सो कायदा लागू होतो आणि लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना न देणे हाच गुन्हा ठरतो.

तरीही या साऱ्या दारांपर्यंत पोहोचण्याआधी विद्यार्थिनी कोणाला तरी विश्वासाने सांगते. ती व्यक्ती बहुतेक वेळा मैत्रीण, वसतिगृहाची अधीक्षिका किंवा एखादी प्राध्यापिका असते. त्या पहिल्या संभाषणात ‘तू तिथे गेलीसच कशाला’ असे विचारले गेले, तर पुढील कोणतीही यंत्रणा उपयोगी पडत नाही. म्हणून प्रशिक्षण समितीच्या सदस्यांपुरते ठेवून चालणार नाही. अधीक्षिका, प्रयोगशाळा सहायक आणि सुरक्षा रक्षक यांनाही काय ऐकावे, काय लिहून ठेवावे आणि कोणाला सांगू नये, हे माहीत असले पाहिजे. मुलींच्या सुरक्षिततेचे कारण सांगून वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लादता येणार नाहीत, असे अनुदान आयोगाने स्पष्ट केले आहे. ज्या विद्यार्थिनीला उशिरा परतल्याबद्दल शिक्षा होण्याची भीती आहे, ती त्या रात्री घडलेला प्रकार सांगणार नाही, हे त्यामागील व्यवहारज्ञान आहे.

प्रत्येक संस्थेने किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, याचा वार्षिक अहवाल आयोगाला द्यायचा असतो. त्यात ‘शून्य तक्रारी’ ही नोंद अनेकदा प्रतिष्ठेची मानली जाते. हजारो विद्यार्थिनी असलेल्या संस्थेत वर्षानुवर्षे एकही तक्रार न येण्याचे दोनच अर्थ संभवतात : तेथे काही घडले नाही किंवा सांगण्याची सोय वाटली नाही. अहवालातील शून्य या दोहोंत भेद करत नाही. अंतरिम साह्य किती प्रकरणांत दिले आणि किती तक्रारदारांनी शिक्षण पूर्ण केले, हे दोन रकाने त्या अहवालात वाढवले, तर संस्थांची खरी परीक्षा होऊ शकेल. कुंभकोणममध्ये नवे विद्यापीठ उभे राहो वा न राहो, खेड्यातून बसने येणारी मुलगी तक्रारीनंतरच्या एक्क्याण्णवाव्या दिवशीही वर्गात हजर आहे का, यावरूनच तेथील महाविद्यालयांच्या समित्यांचे मोल ठरेल.