कावीळ माळेने नाही, यकृतानेच उतरते

पावसाळा लागला की वस्तीत कावीळ येते. डोळे पिवळे दिसले की घरातलं कुणीतरी म्हणतं, "माळ घालून आणा." माळ छातीवरून बेंबीपर्यंत उतरते, तोवर माणूसही बरा होतो. श्रेय मिळतं माळेला. माझं म्हणणं असं, की हे श्रेय ज्याचं आहे त्याला द्यावं. ते आहे आपल्या यकृताचं, म्हणजे लिव्हरचं.

माळ लांबते ती काड्या सुकून दोऱ्याचे फास सैल होतात म्हणून. ती निरोगी माणसाच्या गळ्यातही लांबेल.

यकृत स्वतःची भरपाई स्वतः करतं. 1931 साली हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला. उरलेला भाग वाढून आठ-दहा दिवसांत जवळजवळ पहिल्याएवढा झाला. हे घडतं निरोपांमुळे. यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे ठरावीक निरोपच घेणारी दारं. इजा झाली की एचजीएफ नावाचं प्रथिन 'मेट' या रिसेप्टरला चिकटतं. निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत जातो आणि पेशी विभागू लागते. स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन आणि नॉरअॅड्रेनलिन हे हार्मोन या कामाला हातभार लावतात. काम पुरं होत आलं की टीजीएफ-बीटा हे प्रथिन वाढ थांबवायला मदत करतं.

दूषित पाण्यातून येणारी 'ए' आणि 'ई' प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यात या भरपाईचाही वाटा असतो.

मग माळ घातली तर बिघडतं काय? वेळ जातो. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, 'ई' कावीळ जीवघेणी ठरू शकते. 'बी' आणि 'सी' कावीळ वर्षानुवर्षं आत राहू शकते. वरचेवर इजा होत राहिली, त्यात दारूची भर पडली, की नव्या पेशींच्या जागी व्रण साठतात आणि यकृत कडक होतं. यकृत पुन्हा वाढतं म्हणून पीत राहणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

म्हणून डोळे पिवळे दिसले की आधी सरकारी दवाखान्यात रक्त तपासा. गरोदर बाईला त्याच दिवशी न्या. रोगी गुंगीत गेला, बरळू लागला, रक्तस्राव झाला किंवा उलट्या थांबेनात, तर एक तासही घरी ठेवू नका. मनाने कुठलंही औषध, काढा देऊ नका. तेही यकृतालाच पचवावं लागतं. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत 'बी' काविळीची लस मिळाली का, हे विचारून घ्या.

पाणी उकळून प्याच. पण गटारातून गेलेली फुटकी पाइपलाइन उकळून दुरुस्त होत नाही. एका गल्लीत दोन-तीन घरी कावीळ दिसली, तर माळवाल्याकडे जाण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. यकृत आपलं काम करतं. नळाचं काम ज्यांचं आहे, त्यांच्याकडून ते करून घेणं आपल्या हातात आहे.