रोप लावले, पुढे?

वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला. तेव्हापासून दर पावसाळ्यात आपण उत्साहाने रोपे लावतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पुण्यातल्या आमच्या गल्लीत दहा वर्षांपूर्वी असाच कार्यक्रम झाला. आमच्या फाटकासमोर कडुनिंब लागला. पावसाळाभर तरारला. उन्हाळ्यात मला वाटले, समोरचे पाणी घालतील. त्यांना वाटले, मी घालीन. मे महिन्यात तो वाळला. कोणाला दोष देणार? फाटक माझेच होते.

पुढच्या पावसाळ्यात तिथेच बहावा लावला. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी, बुंध्याशी पाचोळा, आधाराच्या काठीला सैल सुतळी. खोड जाड होताच लोखंडी जाळी काढली. नाहीतर तीच सालीत रुतते. पदपथाच्या फरश्या बसवणाऱ्यांना विनवून बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवली. पहिले तीन उन्हाळे सांभाळले, मग बहाव्यानेच आम्हाला सावली धरली. आता तो उन्हाळ्यात पिवळ्या घोसांनी लगडतो.

शहरातले झाड विनापरवाना तोडू नये म्हणून महाराष्ट्रात १९७५ सालापासून कायदा आहे. कायदा कुऱ्हाड अडवील. पण बादली कोण उचलणार? आज आपल्या फाटकासमोर एकदा डोकावून पाहा.