प्रश्न रचावा मराठीत

प्रश्नमंजुषा म्हणजे पाठांतराची शर्यत, असा आपल्याकडे समज आहे. अमेरिकन नभोवाणीवर १९५३ साली कॉलेजविद्यार्थ्यांच्या प्रश्नोत्तरांचा खेळ सुरू झाला. त्यातून वाढलेल्या ‘क्विझ बोल’ने हा समज खोडून काढला आहे. तेथे एकाच प्रश्नात अवघड खूण आधी येते, सोपी शेवटी. उत्तर सुचताच मध्येच सांगावे. जाणकार दोन स्वरसंगतींत राग ओळखतो, इतरांना तो बंदिशीपाशी कळतो, तसेच हे.

गोव्यातील डिचोलीच्या मुलांसाठी असा प्रश्न करून पाहू. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यात जे तयार झाल्यावर पुढील मीलनातून ऊर्जा मिळत नाही. जे रक्तात प्राणवायू धरून ठेवते. आणि ज्याचे खनिज डिचोलीच्या खाणींनी परदेशी धाडले, ते मूलद्रव्य कोणते? लोखंड! ताऱ्यापासून निघून प्रश्न मुलाच्या अंगणात पोहोचला.

पेडणे-डिचोलीतील पुष्कळ मुले मराठी शाळेत अक्षरे गिरवतात आणि कॉलेजात विज्ञान इंग्रजीत शिकतात. मनातली शंका परक्या भाषेत मांडता येत नाही, म्हणून ती गिळतात. याच पेडण्यातील मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांत होते, हे विसरू नये.

म्हणून मुलांना उत्तरे घोकावयास लावण्यापेक्षा प्रश्न रचावयास बसवा, आणि तेही मराठीत. विषय पुरता कळल्याखेरीज नेमकी खूण देताच येत नाही. मराठीत विज्ञान अडते म्हणणाऱ्यांनी वरचा प्रश्न कोठे अडला, ते दाखवावे.