धम्म शिबिराचे स्वयंपाकघर कुणाचे?

मे महिन्याची सुट्टी लागली की गावोगावी श्रामणेर शिबिरे, धम्म प्रशिक्षण वर्ग, बालसंस्कार शिबिरे सुरू होतात. पत्रके निघतात. त्यात उद्घाटक असतात, मार्गदर्शक असतात, भोजनदात्यांची नावे असतात. स्वयंपाक कोण करणार, हे मात्र कुठल्याच पत्रकात नसते. ते गृहीत असते. महिला मंडळ!

हे मी ऐकीव लिहीत नाही. १९९९ साली कायद्याचे शिक्षण घेत असताना भिवंडी तालुक्यातील एका दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात मी स्वयंपाकघरात राबलो आहे. शंभरावर शिबिरार्थी, पत्र्याची शेड, दगडांच्या चुली आणि वर मे महिन्याचे ऊन. टँकरचे पाणी भरणे, लाकडे फोडणे, भाताचा टोप उतरवणे ही माझी कामे. मी काही बोलू लागलो की एक मावशी म्हणायच्या, "अरे वकिला, कलमं मग सांग, आधी कांदे चीर!"

श्रामणेराला मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य. त्यामुळे अकराच्या ठोक्याला पंगत बसलीच पाहिजे. म्हणजे पहाटे पाचला कणीक, सहाला नाश्ता, आठला वरणाचे आधण. आणि शिबिराचे मुख्य प्रवचन नेमके नऊ ते अकरा! लाऊडस्पीकरचा आवाज शेडपर्यंत यायचा. पण धुरात डोळे चोळत शंभर जणांच्या चपात्या लाटताना प्रतीत्यसमुत्पाद कसा कळावा? दुपारी टोप घासायचे, उद्याचे तांदूळ निवडायचे. या महिला बहुतेक यंत्रमागाच्या कारखान्यांत कांड्या भरणाऱ्या. जेवढे काम तेवढे दाम. दहा दिवसांची मजुरी बुडवून त्या आल्या होत्या. सातव्या दिवशी त्याच मावशींनी मला विचारले, "आज भंतेजींनी काय सांगितलं रे?" मी काय सांगणार? मीही त्यांच्या शेजारी कांदेच चिरत होतो.

समारोपाला शिबिरार्थींना प्रमाणपत्रे मिळाली. महिलांचे आभार मंडपवाल्याच्या आणि लाऊडस्पीकरवाल्याच्या सोबतीने एकाच वाक्यात उरकले गेले.

कुणी म्हणेल, ही तर सेवा, तिचा हिशेब कसला मांडता? सेवा असेल तर ती उपासकांच्या वाट्याला का येत नाही? पंचवीस वर्षांत चुली जाऊन गॅसच्या शेगड्या आल्या, स्टीलची ताटे आली. शेगडीपाशी उभी राहणारी मात्र बदलली नाही.

आळवी नगरीची कथा आपले प्रवचनकार नेहमी सांगतात. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी उशिरा पोहोचला. तथागतांनी तोपर्यंत उपदेश थांबवून ठेवला, त्याला आधी जेवू घातले आणि मगच धम्म सांगितला. एका उपाशी माणसासाठी तथागत थांबतात, आणि जेवण रांधणाऱ्या दहा उपासिकांसाठी आपले वेळापत्रक दोन तास सरकत नाही! स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजणारे बाबासाहेब १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत हजारो स्त्रियांपुढे बोलले. त्या ऐकायला आल्या होत्या, वाढायला नव्हे.

शाळेच्या खिचडीला आपल्या बाईचा हात लागला म्हणून ताटे सारणाऱ्यांशी आपण भांडतो. २० एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी व मदतनीसांच्या नेमणुकीत दलितांना प्राधान्य देण्याचा आदेश दिला. चुलीपाशी कोण उभे राहते हा प्रश्न तिथे आपल्याला कळतो. आपल्याच मंडपामागे का कळत नाही?

उपाय अवघड नाही. मुख्य प्रवचन दुपारी दोन ते चार ठेवा. पंगत उठलेली असते. भांडी शिबिरार्थींनी घासावीत. मजुरी बुडणाऱ्या भगिनींसाठी भोजनदानाच्या निधीतून रोजाची तरतूद करा. आणि पत्रकात वक्त्यांच्या खाली स्वयंपाकाची पाळी छापा, त्यात संयोजकांची नावे आधी. भिवंडीतल्या यंदाच्या शिबिरात पहिल्या दिवशीच्या कांद्यांपुढे माझे नाव घालावे.