डॉक्टर कसा हवा? पेशंटला विचारा!

दोस्तांनो, दवाखान्यात गेल्यावर बोलतं कोण? पोट दुखत असतं तुमचं, पण "काय होतंय?" या प्रश्नाला उत्तर देते आई. मध्येच बाबा म्हणतात, "बाहेरचं फार खातो हो!" आणि तुम्ही जीभ बाहेर काढून गप्प. खरं ना?

मी सातवीत असताना माझा उजवा कान ठणकत होता. डॉक्टरांनी घाईघाईत डावा तपासला आणि औषध लिहून दिलं. गावात त्यांचं मोठं नाव होतं, हुशारही होते. पण खोलीबाहेर ही रांग! आणि "तो नव्हे, हा" असं म्हणायचा धीर मला झाला नाही. चार रात्री कान धरून रडत काढल्या.

म्हणजे नुसती हुशारी पुरत नाही. मग आणखी काय लागतं? हे पूर्वी डॉक्टर आणि त्यांचे प्राध्यापकच ठरवत. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात मात्र वेगळंच घडलं. १९८६ साली तिथल्या सरकारने ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे पेशंटकडून घ्यायला बंदी घातली. डॉक्टर चिडले आणि संपावर गेले. २५ दिवस संप चालला! तो मिटला, पण लोक आणि डॉक्टर यांच्यात केवढं अंतर पडलंय हे सगळ्यांना दिसलं. मग प्रांतातल्या पाचही मेडिकल कॉलेजांनी मिळून एक प्रकल्प हाती घेतला. लोकांचे गट जमवून त्यांना बोलतं केलं : तुम्हाला डॉक्टरकडून काय हवंय?

त्यातून डॉक्टरच्या आठ भूमिका निघाल्या. रोगाचा जाणकार तर तो हवाच. पण नीट बोलणारा-ऐकणारा, नर्स वगैरे इतरांच्या जोडीने काम करणारा, औषधं नि तपासण्या उगाच न उधळणारा, लोकांच्या आरोग्याची बाजू घेऊन उभा राहणारा, जन्मभर शिकणारा आणि संशोधनाची नजर असलेलाही हवा. आठवी भूमिका कोणती, ओळखा बघू? माणूस! डॉक्टर हा आधी माणूस असावा.

याच कामाच्या आधाराने १९९६ साली कॅनडातल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या शिक्षणासाठी सात भूमिकांचा आराखडा तयार झाला. पुढे तो इतर देशांतही गेला. 'माणूस' मात्र त्यात वेगळा उरला नाही, त्याच्या जागी 'व्यावसायिक' आला. मला विचाराल तर जुनाच शब्द बरा होता! आपल्याकडेही २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात पेशंटशी कसं बोलावं, कसं वागावं हे पहिल्या वर्षापासून शिकवतात.

आता एक गंमत करा. घड्याळ समोर ठेवा आणि आपल्याला झालेलं एखादं दुखणं मित्राला सांगा. १८ सेकंद झाले की त्याने तुम्हाला मध्येच तोडायचं. किती सांगून झालं? १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत डॉक्टर पेशंटला सरासरी इतक्याच वेळात थांबवत, असं आढळलं होतं. महत्त्वाची गोष्ट तर पुष्कळदा शेवटी, दाराशी जाता जाता आठवते!

अर्थात रांग मोठी असते, डॉक्टरही दमतात. म्हणून जाण्याआधी चिठ्ठीवर लिहून न्या : कुठे दुखतंय, कधीपासून, कशाने वाढतं, कशाची भीती वाटते. आणि आईला सांगा, "आज मी सांगतो." पालकहो, तेवढा वेळ जरा कळ काढा. राहिलेलं नंतर सांगता येईल.

आणि हो, घरी आजीलाही विचारा, तिला कसा डॉक्टर हवा. तुमचं नि तिचं उत्तर एकाच कागदावर लिहून मला पाठवा. दोन्ही किती जुळतात, ते मला पाहायचंय.