वीस पावलांवरची मुडदुशी



सण आटोपले, सुक्का उतरवली आणि किनाऱ्यावरचे जीवरक्षक घरी गेले की बहुतेकांचा दर्या बंद होतो. आम्हां गरी टाकणाऱ्यांचा मात्र तेव्हाच खरा सुरू होतो. उन्हाळ्यातले ते चावरे जेलीफिश गेलेले असतात, पोहणाऱ्यांची गर्दी नसते आणि पाणी अजून कोमट असते. पुढे हिवाळ्यातली मोठी वादळे लागली की आमचेही दुकान बंद. म्हणून किस्लेव महिन्यात आमची एक शेवटची फेरी ठरलेली असते. ही गोष्ट तशाच एका फेरीची.

माझा दोस्त सत्याहत्तर वर्षांचा, मूळचा रेवदंड्याकडचा. आदल्या साली एकटाच दर्यावर गेला, लाटेने पाडले आणि मनगट मोडले. तेव्हापासून त्याच्या मुलीने काठ्या कपाटावर टाकून दिल्या. एके दिवशी तिचा मला फोन आला. "काका, बाबा काही ऐकत नाहीत. तुम्ही बरोबर असाल तरच काठ्या काढून देते. पण त्यांना पाण्यात उतरू देऊ नका हं." मी शब्द दिला. दोस्ताला मात्र यातले काही सांगितले नाही.

गुरुवारी पहाटे बेरशेवाहून गाडी काढली. मागच्या सीटवर त्याचा दहा वर्षांचा नातू, शाळेला सुट्टी म्हणून आलेला. तासाभरात अश्दोद. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, पाणी जरा गढूळ, लाट गुडघ्याएवढी. अशा पाण्यात मासा कडेला चरायला येतो.

नातवाने विचारले, "साबा, आता भरती आहे की ओहोटी?" साबा हसला. म्हणाला, "अरे, अलिबागला ओहोटी लागली की माणसे कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात. इथे पाणी वीत-दोन वीत चढते नि उतरते. इथे भरती बघायची नाही, लाटा बघायच्या." मग त्याने बोट दाखवले. लांबवर लाट फुटून पांढरी होते, तिथे पाण्याखाली वाळूचा उंचवटा असतो. त्याच्या अलीकडे काळसर पट्टा दिसतो, तो खोलगट चर. लाट वाळू उकरते, तिच्यातले किडे, शिंपले चरात येऊन पडतात आणि मासे तिथे जेवायला जमतात.

गळाला कोळंबी लावताना नातू थबकला. "साबा, ही तर आपल्याला चालत नाही!" साबा म्हणाला, "खायला चालत नाही. माशांना कोणी मनाई केलेली नाही."

तर एवढे सगळे नातवाला शिकवून हे महाशय काय करतात? पँट वर दुमडली आणि सरळ पाण्यात! उंचवट्याच्या पलीकडे गरी फेकायची होती. मोठा मासा लांब असतो, ही जुनी समजूत. मी "अरे थांब, थांब" म्हणेपर्यंत लाट आली, पायाखालची वाळू सरकली आणि तो कलंडला. मी धावत जाऊन दंड धरला. दोघेही कमरेपर्यंत भिजलो.

कोरड्या वाळूवर आल्यावर माझ्या तोंडून निघून गेले, "तुझ्या मुलीला मी शब्द दिलाय!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तू दोस्त म्हणून नाही, राखणदार म्हणून आलास?"

मला उत्तर सुचले नाही. तो पाठ करून बसला. मी थर्मासमधला चहा ओतून दिला, तोही त्याने घेतला नाही.

इतक्यात नातू ओरडला. त्याची काठी लहान, हात लहान, त्याची गरी जेमतेम वीस पावलांवर पडलेली. पण दोरी ताणली होती! ओढून बघतो तो एक मासा टम्म फुगलेला. नातू खूश. साबा मात्र ताडकन उठला. "हात लावू नकोस! अंगाला खवले नाहीत, बघ." हा फुगा मासा तांबड्या समुद्रातून इथे आलेला, अंगात जबर विष, शिजवले तरी जात नाही. मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा. दाताने तंगूसही तोडतो. आम्ही दोरी कापली.

मग साबाने नातवाला दावीद राहाबीची गोष्ट सांगितली. कोकणातल्या आपल्या बायकांसमोर त्याने तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी पंख नि खवले असलेले तेवढे घेतले, बाकीचे बाजूला केले. त्यावरून त्याने ओळखले, ही माणसे आपलीच, असे आपल्याकडे सांगतात.

नातवाने पुन्हा गरी टाकली, पुन्हा वीस पावलांवर. या वेळी आली ती सडपातळ, चंदेरी, टोकदार तोंडाची. साबाने ती तळहातावर घेतली नि त्याचा आवाजच बदलला. "मुडदुशी! अरे, ही तर मुडदुशी!"

अगदी आपली नव्हे, तिची मावसबहीण म्हणा. 1869 साली सुएझ कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातले मासे हळूहळू इकडे येऊ लागले. ही लेबनॉनच्या किनाऱ्यावर 1977 साली नोंदली गेली. पुढे 2013 साली शास्त्रज्ञांनी तपासणी करून तिला वेगळी जात ठरवले आणि सुएझवरूनच नाव दिले. मी हे सांगितले तेव्हा दोस्त म्हणाला, "म्हणजे हिचीसुद्धा चौकशी झाली म्हणायची!" 1960च्या दशकातल्या आपल्या चौकश्या ज्यांना आठवतात त्यांना हसू येईल. आम्ही तर पोट धरून हसलो. गार झालेला चहाही त्याने पिऊन टाकला.

मग काठी घेऊन तो आपणहून कोरड्या वाळूवर नातवाशेजारी उभा राहिला. लहान गळ, छोटे आमिष, वीस पावले. दुपारपर्यंत सात मुडदुश्या आणि दोन मर्मीर. बोटाएवढे मासे आम्ही परत सोडले. "आयुष्यभर लांब फेकत राहिलो," तो म्हणाला, "आणि मासा पायाशी जेवत होता."

शब्बातच्या जेवणाला मुडदुश्या झाल्या. हळद, मीठ, लाल तिखट, लिंबू लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळलेल्या. मुलीने विचारले, "बाबा पाण्यात उतरले होते का?" मी ताटात बघू लागलो. दोस्तच म्हणाला, "उतरलो होतो. याने बाहेर काढला." मग मला म्हणाला, "पुढच्या किस्लेवला परत ये. राखण कर, माझी ना नाही. पण चहा जरा गोड आण!"

तेव्हा मंडळी, आपल्या वयाच्या माणसाने दर्यावर जावे, जरूर जावे. पण एकट्याने नव्हे. आणि मुलांनो, साबा जायला निघाले की तुम्हीही हट्ट करून बरोबर जा.

बराय, पुढच्या अंकी भेटू. शालोम!