साहस दोघांचे, ओझे कोणाचे?

परदेशप्रवास ही आता आपल्याकडे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी विलायतेहून परतलेल्या गृहस्थाचा गावात सत्कार होई, त्याचे व्याख्यान ठेवले जाई. आज नवविवाहित जोडपी स्वित्झर्लंड नाही तर न्यूझीलंड पाहून येतात आणि सोमवारी मुकाट्याने कामावर रुजू होतात. त्यातही नुसती स्थळे पाहून आता कोणाचे समाधान होत नाही. डोंगरावरून छत्रीला लटकून उतरायचे, खवळलेल्या नदीत रबरी होडी लोटायची, बर्फावरून घसरायचे, असे काही तरी त्यात हवेच असते. न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाऊनजवळ कवाराऊ नदीवर एक जुना झुलता पूल आहे. १९८८ साली ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश या दोघांनी तेथे पायाला लवचीक दोर बांधून उडी मारू देण्याचा व्यवसाय सुरू केला. पुलाखाली पाणी आहे ४३ मीटरवर. पतिपत्नींना एकाच दोराला बांधून घेऊन तेथे जोडीने उडी घेता येते.

या प्रकाराबद्दल आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा पैशाचा माज आहे. तरुण मंडळी म्हणतात, आयुष्य एकदाच मिळते. या वादात शिरण्याची मला इच्छा नाही. ज्याला उडी मारायची आहे त्याने ती खुशाल मारावी. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. जोडीने केलेले साहस खरोखरच दोघांचे असते का? छायाचित्रात दोघे दिसतात हे खरे; पण जायचे कोठे, थांबायचे केव्हा, परत फिरायचे की पुढे जायचे, हे कोणी ठरवलेले असते? आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की त्या दोघांच्या साहसाचा भार जे तिसरे लोक वाहतात, त्यांची आठवण कोणाला असते?

या प्रश्नांचा विचार करताना मला सव्वाशे वर्षांपूर्वीचे एक अमेरिकन जोडपे फार उपयोगी वाटते. ते चांगलेही उदाहरण आहे आणि वाईटही. म्हणूनच ते उपयोगी आहे. फॅनी बुलक वर्कमन आणि डॉ. विल्यम हंटर वर्कमन ही त्यांची नावे. फॅनीचा जन्म १८५९ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर गावचा. तिचे वडील त्या राज्याचे गव्हर्नर होते. विल्यम तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, व्यवसायाने डॉक्टर. प्रकृतीच्या कारणाने त्याने १८८९ मध्ये व्यवसाय सोडला आणि दोघांनी युरोपात बिऱ्हाड हलवले. तेव्हा नव्या धर्तीच्या, दोन्ही चाके सारखी असलेल्या सायकली बाजारात येऊ लागल्या होत्या. या दोघांनी सायकली घेतल्या आणि पुढची कित्येक वर्षे ती खाली ठेवलीच नाहीत. आधी अल्जीरिया, मग स्पेन आणि १८९७ नंतर सिलोन, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, जावा. हिंदुस्थानच्या प्रवासावर त्यांनी १९०४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे.

चौदा हजार मैल हा आकडा वाचताना सोपा वाटतो. ज्याने आपल्याकडच्या मे महिन्यात सायकलवरून दहा कोस रपेट केली आहे, त्याला त्याचा अर्थ कळेल. रस्ते मातीचे. काट्यांनी चाके फुटायची. एखाद्या दिवशी पंक्चरची संख्या चाळिसावर जायची. सामान म्हणजे चहा, साखर, बिस्किटे, थोडे डबाबंद अन्न, एकेक घोंगडी आणि दुरुस्तीची हत्यारे. मुक्कामाला जागा मिळाली नाही तर रेल्वे स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये झोपायचे. आणि फॅनी हे सारे करीत होती ती लांब घागरा नेसून, कारण स्त्रीने विजार घालणे तिच्या समाजात शिष्टसंमत नव्हते. योगायोग असा, की याच सुमारास आपल्या पंडिता रमाबाई अमेरिका पाहून परतल्या होत्या आणि तेथल्या लोकस्थितीवर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत पुस्तकही लिहिले होते. एक बाई इकडून तिकडे गेली, दुसरी तिकडून इकडे आली. आणि ‘बाईमाणसाला हे कशाला हवे?’ हा प्रश्न दोघींच्याही पाठीशी होता.

मैदानी मुलखातल्या उन्हाने हैराण होऊन १८९८ च्या उन्हाळ्यात हे दोघे हिमालयाकडे वळले आणि तेथून त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. १९१२ पर्यंत काराकोरम आणि आसपासच्या हिमनद्यांवर त्यांनी मोहिमांमागून मोहिमा काढल्या. बियाफो, चोगो लुंगमा, हिस्पार, सियाचीन ही नावे तेव्हा नकाशावर जेमतेम उमटलेली होती. १९०६ साली नून-कून पर्वतसमूहातल्या पिनॅकल पीक या सुमारे ६,९३० मीटर उंचीच्या शिखरावर फॅनी चढली. तेव्हा तिचे वय सत्तेचाळीस होते. स्त्रियांमध्ये एवढ्या उंचीवर तोवर कोणी गेलेले नव्हते आणि तो विक्रम १९३४ पर्यंत टिकला. गंमत पाहा, तो मोडणारी हेट्टी डायरेनफर्थ हीही आपल्या पतीबरोबरच काराकोरममध्ये आली होती. त्या पतिपत्नींना १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये गिर्यारोहणाचे सुवर्णपदक देण्यात आले.

पण विक्रमापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती वर्कमन पतिपत्नींची कामाची वाटणी. एका वर्षी मोहिमेची आखणी, शिधा, माणसे, पैसा हे सारे एकाने पाहायचे आणि दुसऱ्याने छायाचित्रण व शास्त्रीय मोजमापे सांभाळायची. पुढच्या वर्षी अदलाबदल. ज्याच्याकडे आखणी, त्याच्याकडे निर्णय. हे वाचायला साधे वाटते, पण आपापल्या घरात पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. आपल्याकडे सहलीला निघताना डबे कोण भरते, आणि गाडी कोठे थांबवायची हे कोण ठरवते, याचा विचार प्रत्येकाने करावा. ‘तिची सगळी हौस मी पुरवतो’ असे अभिमानाने सांगणारे पती मी पुष्कळ पाहिले आहेत. पण हौस पुरवणे निराळे आणि निर्णय वाटून घेणे निराळे. पहिल्यात एक दाता असतो आणि एक याचक. दुसऱ्यात दोघेही जबाबदार असतात, आणि चुकले तर दोघांचेही चुकते.

१९१२ च्या सियाचीन मोहिमेची प्रमुख फॅनी होती. पुढे १९१७ मध्ये निघालेल्या पुस्तकात तिने हे स्पष्ट लिहिले, आणि का लिहिते तेही सांगितले. स्त्रीने केलेले काम पुरुषाच्या नावावर जमा होते, म्हणून ही मोहीम एका स्त्रीने योजली आणि चालवली हे छापून यायला हवे, असा तिचा आग्रह होता. याच मोहिमेत सुमारे २१ हजार फुटांवरच्या एका बर्फाळ पठारावर तिने एक वृत्तपत्र उलगडून हातात धरले आणि छायाचित्र काढून घेतले. वृत्तपत्रावर ठळक मथळा होता, ‘स्त्रियांना मताधिकार’. ज्या हिमनदीच्या परिसरात हे छायाचित्र निघाले ती सियाचीन १९८४ पासून लष्करी ठाण्यांचा प्रदेश झाली आहे. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने फॅनीला १९०५ मध्ये व्याख्यानाला बोलावले होते, पण स्त्रियांना सभासदत्वाचे दार तिने १९१३ मध्ये उघडले. तेथल्याच अल्पाइन क्लबने तर त्यासाठी १९७४ साल उजाडू दिले. या पार्श्वभूमीवर फॅनीचा ताठरपणा मला उद्धटपणा वाटत नाही. न मागता मिळण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

येथवर आले की आपल्याला तिचे पोवाडे गावेसे वाटतात. पण हे चित्र येथे संपत नाही.

त्या हिमनद्यांवर तंबू, धान्य, दुर्बिणी आणि छायाचित्रणाच्या जड काचा आपोआप चढल्या नाहीत. त्या बाल्टिस्तानातल्या खेड्यांतल्या माणसांनी पाठीवरून नेल्या. काश्मीर संस्थानात तेव्हा वेठबिगारीची चाल होती आणि साहेबाला हमाल हवे असले की स्थानिक अंमलदार ते जमवून देत. स्वतःच्या शेताचा हंगाम टाकून, अपुऱ्या कपड्यांनिशी बर्फावर चालायला कोणता माणूस राजीखुशीने तयार होईल? वर्कमन दांपत्याचे त्यांच्याशी कधी जमलेच नाही. १८९८ मध्ये कांचनजुंगाच्या दिशेने काढलेली मोहीम, बर्फ लागताच हमालांनी पुढे जायचे नाकारल्यामुळे गुंडाळावी लागली. पुढेही हमाल पळून जाण्याचे प्रसंग आले. पतिपत्नींच्या लिखाणात या माणसांबद्दल आळशी, लबाड, चोर असा सूर वारंवार लागतो. त्यांची भाषा शिकण्याचा प्रयत्न मात्र दोघांपैकी कोणी केल्याचे दिसत नाही.

काळच तसा होता, असे कोणी म्हणेल. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. त्याच काळात चार्ल्स ब्रूस नावाचा गोरखा पलटणीतला इंग्रज अधिकारी त्याच डोंगरांत हिंडत होता. त्याला नेपाळी उत्तम येई, आणि त्याच्याबरोबरची माणसे त्याच्यावर जीव टाकत. आणि हे केवळ आजचे आपले मत नव्हे. भारतीय सर्वेक्षण खात्यात आयुष्य घालवलेल्या केनेथ मेसन यांनी १९५५ च्या आपल्या हिमालयाच्या इतिहासात वर्कमन दांपत्यावर नेमका हाच ठपका ठेवला आहे. ती दोघे उतावळी होती आणि हमालांचे मन जाणण्याचा प्रयत्न त्यांनी क्वचितच केला, असे त्यांचे म्हणणे. १९१२ च्या मोहिमेत चेनो नावाचा इटालियन हमाल फॅनीच्या अगदी जवळून चालता चालता बर्फाच्या भेगेत कोसळला. त्याला वर काढले, पण तो वाचला नाही. तो युरोपियन होता, म्हणून निदान त्याचे नाव तरी पुस्तकात राहिले. बाल्टी हमालांच्या वाट्याला बहुधा नुसता आकडाच आला.

मला अस्वस्थ करते ते हे, की बाईच्या कामावर पुरुषाचे नाव लागते हा अन्याय जिला इतका लख्ख दिसला, तिला हमालाच्या कामावर आपले नाव लागते आहे हे दिसू नये! दोन्ही ठिकाणी हिशेब तोच होता. एके ठिकाणी ती घेणेकरी होती, दुसऱ्या ठिकाणी देणेकरी. घेण्याची नोंद माणूस चोख ठेवतो, देण्याची मात्र पाने कोरी राहतात. हा दोष एकट्या फॅनीचा नाही. स्त्रीच्या हक्कांवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या घरांतही मोलकरणीला कपबशी वेगळी असते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या दोघांच्या समतेमागे वडिलार्जित पैसा होता. त्यांची मुलगी दाया आणि वसतिगृहे यांच्या हाती वाढली. १९०८ मध्ये ॲनी पेक या बाईने पेरू देशातले वास्करान शिखर सर करून फॅनीच्या विक्रमाला आव्हान दिले, तेव्हा फॅनीने स्वखर्चाने मोजणीदार पाठवून त्या शिखराची उंची कमी असल्याचे सिद्ध केले. त्यासाठी तिने तेरा हजार डॉलर मोजले. ॲनी पेकची सारी मोहीम त्याच्या चौथाईत झाली असेल. आपल्या वर्गातल्या ज्या मुलीला तालुक्याच्या गावी शिबिराला जाण्यासाठी घरून परवानगी आणि एस. टी. चे भाडे दोन्ही मिळवावे लागते, तिला फॅनीचा मार्ग जसाच्या तसा उपयोगाचा नाही. पण त्याच फॅनीने १९२५ मध्ये मरताना अमेरिकेतल्या चार स्त्री-महाविद्यालयांना सव्वा लाख डॉलर ठेवले, हेही विसरू नये. स्वतःला मिळालेली संधी पुढच्या मुलींना मिळावी एवढे तरी तिला निश्चित कळले होते.

या साऱ्याचा आजच्या प्रवासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवर खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी माणसे मेली. परदेशी गिर्यारोहकांसाठी वाट तयार करण्याच्या आणि सामान वर पोचवण्याच्या कामावर ती गेली होती. त्या सोळांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल का? एव्हरेस्टवर जाऊन आलेल्या पाहुण्यांची नावे मात्र आपल्याला पाठ असतात. दूर कशाला, आपल्या सह्याद्रीतच पाहा. गडावर आपण पोचतो ते पायथ्याच्या वाडीतल्या वाटाड्यामुळे. भाकरी-पिठले मिळते ते त्याच्या घरच्या बाईने पहाटे उठून चूल पेटवल्यामुळे. परत आल्यावर आपण वृत्तान्त लिहितो तेव्हा त्यांचा उल्लेख ‘एक गावकरी’ एवढाच होतो.

‘त्यांना पैसे मिळतात ना?’ असे एक उत्तर ठेवलेले असते. ते खोटे नाही. या कामावर अनेक घरांच्या चुली पेटतात आणि प्रवासी येणे थांबले तर त्यांचेच नुकसान होईल. मी प्रवास करू नका असे म्हणत नाही. पण मोल चुकते केले म्हणजे ऋण फिटले असे नाही. ज्याच्या हाती आपण आपल्या जिवाचा दोर देतो त्याचे नाव विचारायला, त्याची भाषा दोन शब्द शिकायला आणि आपल्या हकिगतीत त्याचे नाव घालायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा जोडीने साहसाला निघणाऱ्यांनी, मग ते न्यूझीलंडला जावोत की नाणेघाटात, दोन गोष्टी सांभाळाव्यात असे मला वाटते. पहिली, निर्णयाची पाळी ठेवावी: एका वेळी तू ठरव, पुढच्या वेळी मी. त्यात एखादी वाट चुकेल, एखादा मुक्काम हुकेल, चुकू द्यावे. दुसरी, परतल्यावर ज्या कोणी ओझे उचलले, वाट दाखवली, दोर धरला, त्यांची नावे आठवून लिहून काढावीत. सियाचीनच्या बर्फात वृत्तपत्र धरून उभ्या राहिलेल्या बाईने आपल्याला पहिली गोष्ट चांगली शिकवली. दुसरी तिला जमली नाही. ती आपल्याला जमायला हरकत नसावी, कारण आपल्यातल्या बहुतेकांचे आजोबा-पणजोबा ओझे वाहणाऱ्यांतलेच होते.